ऑफिसमधली फेंगशुई: आधी खुर्ची बघा, मग बांबू

तुम्ही हे ऑफिसमध्ये बसून वाचत असाल तर आधी एक छोटीशी परीक्षा. मान न वळवता सांगा, खोलीचं किंवा हॉलचं दार तुम्हाला दिसतंय का? आणि तुमच्या पाठीमागे काय आहे? भिंत, खिडकी, की लोकांच्या येण्याजाण्याची वाट?

ही दोन उत्तरं मनात ठेवा. ऑफिसच्या फेंगशुईचा निम्मा अभ्यास त्यातच झाला. उरलेला टेबलावर आहे, तिकडे आपण नंतर येऊ.

या सदरात आतापर्यंत आपण घरातच फिरत होतो. स्वयंपाकघर झालं, बेडरूम झाली, मुख्य दार झालं. या वेळी ऑफिस घेतलं, पण त्यामागेही कारण घरचंच आहे. माझ्या बाबांचं ऑफिस.

बाबा इंदूरमध्ये टॅक्सचं काम करतात. सियागंजच्या बाजूला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन लोखंडी कपाटं आणि येणाऱ्यांसाठी एक बाक. किराणावाले, छोटे दुकानदार, दोन-चार शिक्षक अशी त्यांची माणसं. जुलै म्हणजे आमच्या घरात सुगीचा महिना, कारण रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी. त्या महिन्यात बाबांचं जेवण कधी चार वाजता तर कधी होतच नाही. पण दोन-तीन वर्षांपासून ही गर्दी ओसरत चालली होती. दुकानदारांची शिकलेली मुलं आता घरी लॅपटॉपवर बसून स्वतःच रिटर्न भरतात. गेल्या जुलैत मी भर दुपारी डबा घेऊन गेले तर बाबा एकटेच बसले होते, आणि डबा पोचताच उघडला.

त्याच आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीने एक सल्लागार ऑफिसात येऊन गेले होते. त्यांनी पंधरा-वीस मिनिटं होकायंत्र फिरवलं, चहा घेतला आणि एक यादी लिहून दिली. वस्तू आणि फी मिळून ₹२१,०००. बाबांनी ती यादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तू लिहितेस ना यावर? मग सांग, घेऊ का?"

खरं सांगते, मला घाम फुटला. तोपर्यंत मी हे सदर लिहीत होते ते चार ठिकाणी वाचून, नीट मांडून, छान भाषेत. कुणी माझ्या शब्दावर खिशात हात घालेल असा विचारच केला नव्हता. आणि पहिला माणूस निघाला तो माझा बापच. मी म्हटलं, "बाबा, मला आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत जे नीट वाचलं आणि नंतर त्या खोलीत जे करून पाहिलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

यादीपासूनच सुरुवात करू. तीत होतं: एक लकी बांबू, एक हात हलवणारं सोनेरी मांजर, नऊ तांब्याचे पिरॅमिड, एक लाफिंग बुद्ध, तीन पायांचा बेडूक आणि दाराला विंड चाइम. आता गंमत बघा. लकी बांबू हा बांबूच नाही. ड्रॅसिना जातीचं हे झाड मूळचं मध्य आफ्रिकेतलं. हात हलवणारं मांजर जपानचं, त्याला तिकडे मानेकी नेको म्हणतात. पिरॅमिड कुठले ते तुम्हाला माहीतच आहे. लाफिंग बुद्ध चीनचे खरे, पण ते गौतम बुद्ध नव्हेत. बुदाई नावाचा एक मनमौजी भिक्षू होता, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा, पोतं खांद्यावर टाकून फिरणारा. त्याची ती मूर्ती. यादीत चिनी लोकश्रद्धेतल्या अशा वस्तू होत्या, दुसऱ्या देशांच्याही होत्या. नव्हतं ते एकच: बाबांनी कुठे आणि कसं बसावं.

आणि फेंगशुईचा मूळ प्रश्न तर तोच आहे. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. याच्या सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी एक चौथ्या शतकातल्या ग्वो पू यांच्या नावावर आहे आणि तो घराबद्दल नाहीच, पूर्वजांना पुरण्याची जागा कशी निवडावी याबद्दल आहे. त्यातला विचार असा की 'ची', म्हणजे प्राणशक्ती म्हणा, वाऱ्याने उधळली जाते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून जागा अशी हवी की वारा अडेल आणि पाणी जवळ असेल. मागे डोंगर, दोन्ही बाजूंना टेकड्या, पुढे मोकळं मैदान आणि त्यात वळसा घेत जाणारी नदी. थंडीत उत्तरेकडून बोचरं वारं येणाऱ्या देशात माणूस आणखी काय शोधणार? बीजिंगच्या जुन्या राजवाड्यामागे, उत्तरेला, जिंगशान नावाची टेकडी आहे. ती नैसर्गिक नाही. राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची ती रचलेली आहे. पाठीशी डोंगर नव्हता, तर त्यांनी उभा केला.

आता हाच नकाशा खुर्चीला लावा.

आरामखुर्चीसारखी जागा

फेंगशुईत चार दिशांना चार प्राणी मानतात. मागे काळं कासव, म्हणजे भक्कम आधार. डावीकडे हिरवा-निळा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ आणि समोर लाल पक्षी, त्याला उडायला मोकळी जागा. मला हे सगळ्यात सोपं वाटलं ते आरामखुर्ची डोळ्यांपुढे आणल्यावर. पाठ उंच, दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार, समोर मोकळं. ड्रॅगनची, म्हणजे डावी बाजू उजवीपेक्षा थोडी उंच असावी असंही म्हणतात. फाइलींचा स्टँड, उंच दिवा, कपाट असं काही डावीकडे. फोन, पाण्याची बाटली, पेन ठेवायचा डबा असं बुटकं उजवीकडे.

आणि ऑफिससाठी यात एक गोष्ट सगळ्यात वर: बसल्या जागेवरून दार दिसलं पाहिजे. पण दाराच्या अगदी नाकासमोर बसू नये. दारापासून तिरक्या रेषेत, शक्य तितकं आत, पाठीशी भिंत घेऊन बसावं. इंग्रजीत याला 'कमांड पोझिशन' म्हणतात. आपल्याकडे साध्या भाषेत सांगायचं तर गल्ल्यावर बसलेल्या शेटजींची जागा. कोणत्याही जुन्या पेढीवर जाऊन बघा. मालक बरोबर तिथेच बसलेला असतो, जिथून येणारा प्रत्येक माणूस त्याला दिसतो आणि त्याच्या मागून मात्र कुणी येऊ शकत नाही. त्याने फेंगशुईचं नावही ऐकलेलं नसतं.

बाबांची खोली या हिशेबाने पाहिली तेव्हा मी कपाळावर हात मारला. दार पश्चिमेच्या भिंतीत, उत्तरेकडच्या कोपऱ्याजवळ. त्याच्या समोर पूर्वेच्या भिंतीत खिडकी. आणि टेबल त्या खिडकीखाली, भिंतीला चिकटवून. ऑफिस घेतलं तेव्हा पूर्वेकडे तोंड करून बसा असं कुणी तरी सांगितलं होतं. म्हणजे बाबांचं तोंड भिंतीला, पाठ सरळ दाराला. दारातून आत आलेला वारा थेट त्यांच्या मानेवर यायचा आणि खिडकीतून निघून जायचा. टेबलावर सात पेपरवेट होते. सात! लहानपणी मी ते गोट्यांसारखे खेळायचे. ते इतके का लागतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दार आणि खिडकी अशी समोरासमोर असली की ची आली तशी निघून जाते असं फेंगशुई म्हणते. ची दिसत नाही, पण फडफडणारे कागद दिसतात.

तो रविवार

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी, बाबा आणि माझा चुलतभाऊ असे तिघं सकाळी पोहे खाऊन ऑफिसात पोचलो. मी कागदावर नकाशा काढून नेला होता. दक्षिणेच्या भिंतीला पाठ, तोंड उत्तरेला, म्हणजे दार डाव्या हाताला तिरकं समोर. बाबा लगेच म्हणाले, "पण पूर्वेचं काय?"

इथे एक मिनिट थांबूया, कारण हा प्रश्न तुमच्याही घरात निघणारच. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की डोकं फिरतं. वास्तूची पंचमहाभूतं पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. फेंगशुईची पाच तत्त्वं लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. वास्तूत अग्नी आग्नेयेला, फेंगशुईत दक्षिणेला. वास्तूत पाण्याची जागा ईशान्य, फेंगशुईत उत्तर. फेंगशुईत आग्नेय ही पैशाची दिशा आणि लाकडाची जागा, म्हणून तिथे झाड ठेवायला सांगतात. आपल्याकडे धनाचा देव कुबेर मात्र उत्तरेला. दोन्ही शास्त्रं एकाच खोलीला पूर्ण लावायला गेलात तर खोलीत माणसाला उभं राहायला जागा उरणार नाही. माझं मत सरळ आहे. घरात मोठी माणसं एक शास्त्र मानत असतील तर ते मोडू नका. दुसऱ्यातलं जे त्याला आड येत नाही तेवढंच घ्या. आईबाबांशी भांडून आणलेली सुखशांती काय कामाची?

तर मी म्हटलं, "बाबा, उत्तर म्हणजे कुबेराची दिशा. आणि कपाटं नैऋत्येला जातायत. जड सामान नैऋत्येला, हे तर तुम्हीच आईला सांगता." बाबांनी थोडा विचार केला आणि कपाटाच्या किल्ल्या काढल्या.

कपाटं भरलेली असताना हलणं शक्य नव्हतं, म्हणून आधी रिकामी करावी लागली. तिथे आमचे चार तास गेले. मला वाटतं, खरं काम तिथेच झालं. फेंगशुईच्या प्रत्येक लेखात 'पसारा काढा' हे वाक्य असतं, माझ्याही असायचं. पण पसारा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. जी माणसं आता हयात नाहीत त्यांच्या फाइली. बंद पडलेल्या दुकानांची बिलबुकं. जीएसटी येण्याआधीच्या व्हॅटच्या कागदांचे गठ्ठे, २०१७ पासून कुणी हात न लावलेले. दोन बंद पडलेले प्रिंटर, 'दुरुस्त करून घेऊ' म्हणून ठेवलेले. बाबा प्रत्येक फाइल उघडून बघत होते. एक फाइल हातात घेऊन ते बराच वेळ बसले. एका शिंपीकाकांची. दर दिवाळीला माझा फ्रॉक तेच शिवायचे. फाइलीत त्यांच्या दुकानाचा मूळ भाडेकरार राहून गेला होता. कोणते कागद किती वर्षं ठेवायचे हे बाबांना तोंडपाठ आहे, त्यामुळे फाडायचे, ठेवायचे आणि परत द्यायचे असे तीन ढीग झाले. परत द्यायच्या ढिगातले फोन बाबांनी पुढचे पंधरा दिवस केले. शिंपीकाकांचा मुलगा येऊन भाडेकरार घेऊन गेला, चहा प्यायला, वडिलांच्या आठवणी काढून रडला. काम काही त्याने दिलं नाही. द्यावं अशी अपेक्षाही नव्हती.

दुपारनंतर कपाटं पश्चिमेच्या भिंतीला, दक्षिणेच्या कोपऱ्यात लावली. म्हणजे बाबांच्या डाव्या हाताला उंच भक्कम ड्रॅगन आपोआप आला. टेबल ठेवून बाबांना बसवलं, तर कपाटाच्या कडेमुळे दार अर्धंच दिसत होतं. मग टेबल हातभर पूर्वेला सरकवलं आणि दार पूर्ण दिसू लागलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नकाशावर सगळं बसतं, खोलीत बसत नाही. शेवटी त्या खुर्चीवर बसूनच बघावं लागतं. खिडकीला अर्धा पडदा लावला आणि कठड्यावर मनी प्लांटची कुंडी ठेवली. दारावरची ट्यूबलाइट कित्येक महिने लुकलुकत होती, ती बदलली. इंटरनेटची केबल लांब लागली. सगळा खर्च धरून हजाराच्या आत, भावाच्या कचोऱ्यांसकट.

जागा बदलता येत नसेल तर

आता तुम्ही म्हणाल, बाबांचं ऑफिस त्यांचं स्वतःचं, आम्ही नोकरदार माणसं काय करणार? बरोबर आहे. मीही तुमच्यातलीच. माझी जागा एका लांब हॉलमध्ये, रांगेत चौथी, पाठ थेट वाटेला. मागून कुणी गेलं की खांदे आपोआप आखडतात. मला वाटायचं हा माझा स्वभाव. वाक्य अर्ध्यावर असताना मागे पावलं वाजली की ते वाक्य गेलंच.

याला फेंगशुईचा जुना आणि स्वस्त उपाय आहे: छोटा आरसा. मॉनिटरच्या कडेला किंवा स्टँडवर असा लावायचा की पाठीमागची वाट त्यात दिसेल. आरसा कार्डाएवढा पुरे. मात्र त्यात तुमचाच चेहरा दिसत राहील असा लावू नका, नाहीतर दिवसभर केस नीट करत बसाल. आणि शेजारच्या माणसाची स्क्रीन दिसेल असाही नको, ते बरं दिसत नाही. मी दीड महिना लावला आहे. पहिले चार दिवस सारखी नजर जायची. नंतर लक्षात आलं की मी दचकत नाही. पगार तेवढाच आहे.

उंच पाठीची खुर्ची मिळत असेल तर मागून घ्या. नाहीच मिळाली तर खुर्चीच्या पाठीवर शाल किंवा जॅकेट टाका, निदान कासवाची नक्कल होते आणि एसीच्या वाऱ्यापासून पाठही वाचते. डोक्यावर तुळई किंवा एसीचं तोंड येत असेल तर खुर्ची फूटभर पुढेमागे करून बघा. तुळईखाली बसल्याने दडपण येतं असं मानतात. एसीखाली बसल्याने मान धरते हे मात्र मानायचीही गरज नाही. समोरच्या खांबाचा किंवा कपाटाचा टोकदार कोपरा थेट तुमच्याकडे रोखलेला असेल तर त्याला 'शा ची', म्हणजे बाणासारखी येणारी वाईट ऊर्जा म्हणतात. मध्ये एखादं झाड ठेवलं की काम भागतं.

हाँगकाँगमध्ये तर ही टोकदार कोपऱ्यांची गोष्ट बँकांपर्यंत गेली. तिथला आय. एम. पे यांनी आराखडा केलेला बँक ऑफ चायनाचा मनोरा १९९० मध्ये सुरू झाला. त्याच्या सुरीसारख्या कडांवर फेंगशुईवाल्यांनी खूप टीका केली. जवळच एचएसबीसीची इमारत आहे. तिच्या छतावर देखभालीच्या क्रेन आहेत, त्या तोफांसारख्या दिसतात. मनोऱ्याच्या सुरीला उत्तर म्हणून त्या तशा रोखून ठेवल्या आहेत असं तिथले लोक हसत हसत सांगतात. तुमच्या ऑफिसात अशी लढाई सुरू करू नका. एक कुंडी पुरते.

आणि कृपा करून ओपन ऑफिसमध्ये विंड चाइम लावू नका. तुमची ची वाढेल तेवढा शेजाऱ्याचा संताप वाढेल.

टेबलाचे नऊ चौकोन

टेबलाकडे येऊ. टेबलावर मनातल्या मनात तीन बाय तीनचे नऊ चौकोन आखा. हा बागुआचा नकाशा. पारंपरिक पद्धतीत तो होकायंत्राच्या दिशांनी लावतात. पण प्रोफेसर लिन युन यांनी अमेरिकेत रुजवलेल्या परंपरेत तो दारापासून लावतात, आणि टेबलाच्या बाबतीत तुम्ही बसता ती बाजू म्हणजे दार. नोकरदारांना हीच सोयीची, कारण टेबल कुठल्याही दिशेला असलं तरी चालतं.

तुमच्या अगदी पुढ्यातला मधला चौकोन करिअरचा, त्याचं तत्त्व पाणी. तो मोकळा ठेवा, वाहता. सकाळी आल्यावर समोर कालचा कप आणि बिस्किटांचा चुरा असेल तर कामाला हात घालायची इच्छा होत नाही, यासाठी चिनी ग्रंथ लागत नाही. पाणी तत्त्व आहे म्हणून कीबोर्डशेजारी भरलेला ग्लास मात्र ठेवू नका! मी हे एकदा केलं आहे.

त्याच्या डावीकडचा चौकोन ज्ञानाचा: वही, पुस्तक, डायरी. उजवीकडचा मदत करणाऱ्या माणसांचा: फोन तिथे. लांबचा डावा कोपरा धनाचा, तिथे छोटं झाड. लांबच्या बाजूचा मधला चौकोन कीर्तीचा, तत्त्व अग्नी. तिथे बहुतेकांचा मॉनिटर असतोच, मागे टेबललॅम्प ठेवता आला तर उत्तम. लांबचा उजवा कोपरा नात्यांचा. मधल्या रांगेत डावीकडे कुटुंब, तिथे घरच्यांचा फोटो. उजवीकडे मुलं आणि नव्या कल्पना. अगदी मधला आरोग्याचा, तो रिकामा.

झाड कोणतंही चालेल, पण जिवंत हवं. वाळलेलं किंवा धूळ खाणारं प्लास्टिकचं असेल तर त्यापेक्षा रिकामी जागा बरी. ऑफिसच्या एसीत आणि ट्यूबलाइटमध्ये मनी प्लांट आणि स्नेक प्लांट सहसा तग धरतात. लांब सुट्टीवर जाताना कुणाला तरी पाणी घालायला सांगून जा.

घरून काम करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण महत्त्वाची. टेबल बेडरूममध्ये असेल तर पलंगावर आडवं झाल्यावर ते समोर दिसू नये. सोय नसेल तर काम संपल्यावर लॅपटॉप बंद करून वर एक ओढणी टाका. माझी आई शिवणयंत्रावर टाकते तशी.

आता बाबांकडे परत येते, कारण तुम्ही विचारणारच की गर्दी परत आली का. नाही आली. जी मुलं घरी रिटर्न भरतात ती भरतातच, टेबल फिरवल्याने ती थांबत नाहीत. बाबांनी आता जीएसटीच्या महिन्याच्या कामावर जास्त भर द्यायला सुरुवात केली आहे, ते हळूहळू वाढतंय. मानदुखीची तक्रार मात्र त्या रविवारानंतर मी ऐकलेली नाही, आणि पेपरवेट आता दोनच आहेत.

दिवाळीच्या आधी एक दुकानदार आला. बाबांनी त्याला दारातच पाहिलं आणि "आओ भई" म्हणून हाक मारली. बसल्यावर तो म्हणाला, "वकीलसाब, पहले भी दो बार आया था. आप फोन पे थे, पीठ इधर थी, तो लौट गया." बाबा वकील नाहीत, पण सियागंजात टॅक्सचं काम करणारा प्रत्येक माणूस वकीलसाबच असतो. घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं, मग मला सांगितलं, मग रात्री जेवताना दोघींना पुन्हा सांगितलं. असे किती जण परत गेले असतील, हे मात्र कुणीच मोठ्याने म्हटलं नाही.

लाफिंग बुद्ध तेवढा आलाच. चुलतभावाने दिला, वाढदिवसाला. बाबा सकाळी कुलूप उघडलं की त्याच्या पोटावरून हात फिरवतात. मी काही बोलत नाही. ₹२१,००० ची ती यादी अजून ड्रॉवरमध्ये आहे. परवा बघितली तर तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांनी त्या दुकानदाराचा पॅन नंबर लिहून घेतला होता.